परीचं गाव

परीचं गाव विचारल्याशिवाय शफीचाचा कापडाला कात्री लावत नसत.

बाब अल बहरीनच्या कमानीतून बाजारात शिरलं, की सोन्याच्या दुकानांची गल्ली सोडायची, मसाल्यांची सोडायची, आणि पुढची धरायची. ती इतकी अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. तिथे चाचांचं शिवणाचं दुकान होतं. म्हणजे मालक अबू यूसुफ नावाचे बहरीनी म्हातारे, पण ते दारात खुर्ची टाकून चहा पीत बसायचे आणि आत चाचांचं राज्य चालायचं. चाचा त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. अरबाब चाचांना उस्ताद म्हणत. कोण कुणाचा नोकर हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पोटासाठी चाचा हॉटेलातल्या आचाऱ्यांचे कोट आणि वेटरांचे गणवेश शिवत. पण शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस आले, की दुकानाचं रूप पालटायचं. मल्याळी, गुजराती, फिलिपिनो, अरब, सगळ्या आया पोरींचे हात धरून गल्लीत रांग लावायच्या. कारण परीचे कपडे चाचांसारखे अख्ख्या बेटावर कुणी शिवत नाही, अशी ख्याती होती. पोरगी पुढे आली, की चाचा टेप गळ्यातून काढत, कानामागची पेन्सिल हातात घेत, चष्म्यावरून तिच्याकडे बघत आणि अतिशय गंभीरपणे विचारत, "परी कुठली? गाव कुठला?"

आई हसायची. चाचा हसत नसत.

"पाण्यातली, धुरातली, झाडातली, का वरून पडलेली? सांग, त्याशिवाय बेतू कसा?"

आणि खरंच, उत्तराप्रमाणे कापड बेतलं जाई. पाण्यातली असेल तर झग्याच्या काठात मासे धरायच्या जाळ्याचे शिशाचे मणी शिवत, कारण "पाणी खाली ओढतं." धुरातली असेल तर काठ दुमडतच नसत. "धुराला शेवट असतो काय?" झाडातलीच्या बाह्या टोकदार. आणि आकाशातून पडलेली असेल, तर तिचा एक खांदा बोटभर वर. "पडली ना बिचारी. एका अंगावरच पडली असणार."

त्यांच्याकडे मापांची एक लांबट वही होती. डाव्या पानावर छाती, कंबर, उंची. उजव्या पानावर परीचं गाव, आणि ती तिथे कशी आली याची पोरीनं सांगितलेली हकीकत. मराठीत, मोडक्या अक्षरात. जयगडच्या खाडीकाठच्या शाळेत चाचा सातवीपर्यंत शिकले होते. ती सातवी त्यांनी चाळीस वर्षं बहरीनमध्ये जपून वापरली होती.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इचलकरंजीत आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. अंगात येण्याविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, भानामतीविरुद्ध. वडील लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायचे. हिद्दच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायला मी इथे आले, तेव्हा बॅगेत लोणचं कमी आणि पत्रकं जास्त होती. अशा मुलीनं चाचांच्या दुकानात पाय ठेवला तो पँटची उंची कमी करायला, आणि पहिल्याच दिवशी ती भांडून बाहेर पडली.

झालं असं, की मी उभी असताना चाचा एका मुलीच्या आईला साती आसरांची गोष्ट सांगत होते. त्यांच्या आजीकडून आलेली. विहिरीवर सात जणी असतात, त्या आधी आपल्यासारख्याच बायका होत्या, पाण्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत. पाण्यानं ठेवून घेतल्या. म्हणून पहिली कळशी त्यांच्या नावानं ओतायची.

मी मध्ये पडले. "चाचा, विहिरीत बायका कशा पडतात माहीत आहे का तुम्हाला? पडतात, का ढकलतात? सासरच्यांनी ढकललेल्या बायकांना परी करून टाकलं, की पोलीसही नको आणि पश्चात्तापही नको. गोष्ट नाही ही. पुरावा पुसायची युक्ती आहे."

अरबाबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही चहा खाली ठेवला. चाचा म्हणाले, "ही गोष्ट सांगताना माझी आजी दर वेळी रडायची. मला वाटायचं, पऱ्यांची गोष्ट, आणि ही रडते कशाला?" त्यांनी वही ओढली, उजव्या पानावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळवलं. 'पडल्या का ढकलल्या? सांगणारी - पत्रकवाली बाय.'

"मी पत्रकवाली, हे कसं कळलं?"

"पिशवीतनं डोकावतायत ती काय भाकऱ्या हायत?"

मी पँट तिथेच टाकून तरातरा निघून गेले. पँट घ्यायला परत जावं लागलं. मग जातच राहिले. दर शुक्रवारी, ते जुम्म्याची नमाज पढून आले, की मी पायरीवर बसायचे आणि आमचं जुंपायचं.

"चाचा, तुम्ही नमाजी माणूस. पऱ्यांवर विश्वास कसा ठेवता?"

"बाय, जिन हायत. ते अल्लानं सांगितलंय, त्यात विचारायचं काम नाय. परीचं त्यानं काय सांगितलं नाय. म्हणून तर मला विचारावं लागतं."

असल्या उत्तरावर कुठलं पत्रक चालणार!

त्यांच्या वहीत सगळ्या जगाच्या पऱ्या होत्या. अरबाबांच्या वडिलांनी मोत्यांसाठी बुड्या मारल्या होत्या. समुद्राच्या तळाला जिथे गोडं पाणी उसळतं तिथे पखाल भरताना कुणीतरी हळूच पखालीचं तोंड धरून मदत करतं, असं ते सांगायचे. खाऱ्यात गोडं कुठून आलं हे कळेना, तेव्हा ती मदत करणारी तिथली झाली. एका फिलिपिनो नर्सच्या पऱ्या स्वर्गातून हाकलल्या गेल्या होत्या. जी जिथे पडली, नदीत, वडावर, दगडावर, ती तिथलीच. पण चाचांची सगळ्यात लाडकी हकीकत होती हिद्दच्या बंदरात लागलेल्या एका जहाजाच्या कप्तानाची. तो आइसलँडचा. कोटाची बटणं लावून घ्यायला आला आणि सवयीनं चाचांनी त्यालाही विचारलं, "तुमच्याकडच्या पऱ्या कुठल्या?" हिंदी त्याला येईना, इंग्रजी चाचांना जेमतेम. तरी त्यानं हातवारे करून सांगितलं, की देव एकदा हव्वामाईच्या घरी आला. तिनं निम्मी पोरं धुतली होती, निम्मी राहिली होती. शरमेनं तिनं न धुतलेली लपवून ठेवली. देव म्हणाला, माझ्यापासून लपवलीस, ती जगापासूनही लपलेलीच राहतील. त्याच पऱ्या.

"म्हणजे बघ," चाचा खूश होऊन सांगायचे, "मळकी पोरं! आपण त्यांना पांढरा झगा घालतो, आणि त्या मुळात शेंबड्या!" तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक परीच्या झग्याला, आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, एक मातकट रंगाचा टाका असायचा.

आता इराबद्दल सांगते.

इरा आमच्या जुफैरच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. तेव्हा आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिच्या आईबाबांनी तिला बाळ असताना पुण्याच्या एका संस्थेतून घरी आणलं, हे त्यांनी तिला त्या उन्हाळ्यात सांगितलं. नीट, प्रेमानं, जसं सांगायला हवं तसं. इरानं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्याच्या आधी मी कुठे होते?" ते कुणालाच माहीत नव्हतं. संस्थेलाही नाही.

त्यानंतर आपल्या लोकांचा तो आवडता प्रश्न तिला सहन होईना. इथल्या मराठी मंडळात कुणी भेटलं, की चहाच्या आधी विचारतं, "मूळचे कुठले तुम्ही?" प्रश्न आला, की इरा खोलीतून उठून जायची. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, तर तिनं कोरा कागद दिला. मंडळाच्या बालदिनाचं छोटं नाटक मीच लिहिलं होतं, त्यात ती पहिली परी होती. पडदा उघडला, की पहिलं वाक्य तिचं. "तिला एवढं एक करू दे गं," तिची आई मेघनाताई मला म्हणाली. "सगळ्यांसमोर उभी राहू दे. मग पुढचं पुढे."

माप द्यायला इराला मीच घेऊन गेले, कारण मेघनाताईची शिफ्ट होती. वाटेत ठरवलं होतं, की चाचांना आधी बाजूला घेऊन सांगायचं, हिला गाव विचारू नका. पण पायरीवर पोहोचले तर चाचांनी मला बघताच तोफ डागली, "काय बाय, आज कुणाची परी मारायला आलीस?" आणि मी नेहमीसारखी लगेच पेटले. परी, शोषण, विहीर, पुरावा, माझं सगळं सुरू झालं. हातवारे करत मी अरबाबांच्या खुर्चीभोवती फिरत असताना मागून ऐकू आलं, "परी कुठली गो? गाव कुठला?"

वळून बघितलं तर इराच्या छातीभोवती टेप होता आणि तिचा चेहरा बंद झाला होता. तिनं टेप काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. घरी गेल्यावर आईला म्हणाली, "आय ॲम नॉट डूइंग इट."

मी काय केलं असेल? मी पत्रक लिहिलं.

चार पानी. मथळा, 'तुमचं गाव कुठलं?' मी लिहिलं, की हा प्रश्न जातीच्या दाराची कडी आहे. गाव विचारायचं, मग आडनाव, मग वाडा कुठला, मग माणूस कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरतं. मी लिहिलं, की परदेशात येऊनही आपण ही कडी सोबत आणली, आणि बाजारातला एक शिंपी ती लहान मुलींच्या हातात देतो. इराचं नाव कुठेच घेतलं नाही, पण चाचा ओळखू येतील असं लिहिलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, छापून शंभर प्रती काढल्या, आणि एक प्रत, माझ्यातल्या सगळ्या शौर्यानिशी, चाचांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला. चारी पानं वाचली, ओठ हलवत, बोट फिरवत. सातवीवाला माणूस, वेळ लागला. मी दारात उभी. अरबाबांनी मला चहा दिला, तो मी रागानं प्याले.

"चांगलं लिहिलंस," चाचा म्हणाले. "आडनावाचं तर अगदी बरोबर. मुंबईत मला खोली मिळेना ती आडनावापायीच. पण पोरीला काय झालं?"

मी सांगितलं. सगळं. त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली, परत काढली, परत ठेवली.

"हे तुला आधी ठाऊक होतं?"

"हो."

"मग बाय, चार पानांत एवढं एकच लिहायचं राह्यलं."

आवाज चढवला नाही. मला मात्र असं वाटलं, की माझ्या वडिलांनी माझ्या हातातली पत्रकांची चळत काढून घेतली. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. त्या पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण ते मी कशासाठी लिहिलं होतं, हे चाचांनी एका ओळीत वाचलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात चाचा! चाळीस वर्षांत जे फक्त खोली, दुकान आणि मशीद एवढंच चालले, ते बस बदलून जुफैरला आले होते. इस्त्रीचा सदरा, गळ्यात टेप, काखेत वही. लिफ्टमध्ये त्यांनी डोळे मिटून घेतले. "यल्ला, वर चल म्हणावं हिला," असं पुटपुटले.

मेघनाताईनं खुर्ची दिली, ते जमिनीवर बसले. इरा सोफ्याच्या मागे. चाचांनी तिच्याकडे बघितलंही नाही. वही उघडली आणि मोठ्यानं वाचू लागले.

"कंबर बावीस, उंची पंचेचाळीस. गाव, समुद्राच्या तळाचा गोड्या पाण्याचा झरा. कंबर चोवीस. गाव, धूर नसलेली आग. कंबर एकवीस. स्वर्गातून पडली, वडावर अडकली. कंबर तेवीस. हव्वामाईनं आंघोळ घातली नाय, म्हणून लपवली."

सोफ्यामागून खुसखूस. "नो बाथ?"

"नो बाथ. कंबर बावीस. विहिरीतल्या सात जणींपैकी चौथी. पडली का ढकलली, चौकशी चालू हाय."

मी खाली बघितलं. इरा आता सोफ्याच्या पाठीवर हनुवटी ठेवून होती.

"बट दे कान्ट ऑल बी ट्रू!" ती म्हणाली. "एकच खरं असणार ना!" मराठीत म्हणाली, चुकून.

"मंग कुठलं खरं?"

"हाऊ वुड आय नो? कुणालाच माहीत नाही!"

"चाळीस वर्षं विचारतोय गो," चाचा म्हणाले. "कप्तानाला विचारलं, अरबाबला विचारलं, ह्या पत्रकवालीला विचारलं. कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नाय. राजाचं माहीत असतं, शिंप्याचं माहीत असतं. पंख असलेल्यांचं काय कळत नाय. आता तुझं पान कोरं हाय. मी परवा विचारलं ती माझी चूक झाली. तुला नको असेल तर कोरंच राहू दे, तरी मी शिवतो."

इरा पुढे आली. पेन्सिल मागितली. शनिवारच्या मराठी वर्गातलं अक्षर, एकेक शिरोरेषा ओढत, तिनं उजव्या पानावर लिहिलं, 'गाव माहीत नाही.'

चाचांनी वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता पंचाईत! ह्या गावची परी मी आजवर शिवली नाय. काठ कसा, बाही कशी, मला काय ठाऊक? तूच सांग."

इरानं विचार केला. "खिसे," ती म्हणाली. "पंखांना खिसे."

"पंखांना?"

"ती खूप फिरते. शी नीड्स स्नॅक्स."

"किती खिसे?"

"सहा."

मेघनाताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली. चाचांनी छाती, कंबर, उंची घेतली, प्रत्येक खिशाची खोली इराच्या मुठीनं मोजली, आणि जाताना माझ्याकडे हात पुढे केला. "बाय, तुझी उरलेली पत्रकं दे."

"कशाला?"

"पंखांचा खाका कापायला. वर्तमानपत्राचा कागद फाटतो. तुझा चांगला जाड हाय."

दिली. अठ्ठ्याऐंशी प्रती उरल्या होत्या.

बालदिनाला पडदा उघडला. पहिली परी पुढे आली, जाळीचे पंख, सहा खिसे, त्यात सहा बिस्किटांचे पुडे. माझ्या नाटकातलं वाक्य होतं, 'आम्ही पऱ्या, पण आम्ही नाहीच.' ते इरानं म्हटलंच नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी परी. माझं गाव माहीत नाही. तुमच्याकडे चहा आहे का?"

हशा उसळला. आणि मागच्या दोन पऱ्या, ज्यांना पाण्यातली आणि झाडातली म्हणायचं होतं, एकमेकींकडे बघून ओरडल्या, "आमचं पण माहीत नाही!" मग राक्षसही म्हणाला, माझं पण. माझं नाटक तिथेच खलास. वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते इतके हसले, की आईला फोन काढून घ्यावा लागला. शेवटच्या रांगेत चाचा टाळ्या वाजवत नव्हते. मान वाकडी करून उजव्या पंखाचा झोक बघत होते.

पुढच्या वर्षी अरबाबांनी दुकान मुलाला दिलं, मुलाला तिथे मोबाईलची कव्हरं विकायची होती. चाचांचा व्हिसा संपत आला होता. "चाळीस झाली," म्हणाले, "आता खाडीकाठच्या पोरींना पंख शिवतो." वही त्यांनी इराला दिली. मला एक गुंडाळी दिली. उघडली तर पंखाचा खाका, माझ्या पत्रकाचा. कडेनं खडूच्या खुणा, मधोमध माझा मथळा, आणि कात्रीनं अर्धा कापलेला माझा सगळ्यात जळजळीत परिच्छेद.

विमान सकाळचं होतं. इरा, मेघनाताई आणि मी सोडायला गेलो. चाचा रांगेतून काउंटरपर्यंत पोहोचले, तिथे एक तरुण पोरगा होता, झोपाळलेला, मान वर न करता पासपोर्ट चाळणारा. चाचांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. मग काहीतरी आठवलं, त्यांनी जीभ चावली आणि थेट मागे वळून माझ्याकडे बघितलं, शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखं.

मी हात वर करून ओरडले, "विचारा!"

त्यांनी विचारलं, "तुमच्याकडच्या पऱ्या कुठल्या?" पोरगा आधी गोंधळला. मग मान वर झाली. मग तो बोलू लागला, दोन्ही हातांनी, डोंगराएवढं काहीतरी दाखवत, आणि मागची रांग घड्याळं बघू लागली. चाचांनी कानामागची पेन्सिल काढली, काख चाचपली, वही नव्हती. ते पुन्हा वळले.

इरानं वही छातीशी धरली होती. "थांबा!" ती ओरडली, आणि रांगेच्या दोरीखालून वाकून त्यांच्याकडे पळाली.